बिनशिक्क्याची अंडी

विषय : सिंहमहाराजांच्या पाहणीनिमित्त गुहेत तात्पुरती ठेवलेली बिनशिक्क्याची अंडी दाखवण्याबाबत.

मुलांनो, एका जंगलात महाराजांना अर्धवट कामं दिसलेली खपत नसत. पाहणी निघाली, की सगळ्यांची अर्धी कामं गुहेत जात आणि जंगल कसं लख्ख दिसे. पाहणी संपली, की ज्याचं त्याला परत.

टिटवीने घरट्यासाठी खडे मांडले होते. खड्यांवर दरबारच्या नोंदीचा शिक्का होता. अंडी मात्र कालच घातलेली. त्यांना शिक्का कुठून असणार?

"भाऊ, हीसुद्धा आत घ्या," तिने भांडारी साळिंदराला विनवलं. "महाराजांचा पाय पडायचा."

साळिंदर भला होता. त्याने अंडी कोपऱ्यातल्या उबदार गवतात जपून ठेवली.

पण लख्ख जंगल महाराजांना इतकं आवडलं, की पाहणी संपेचना. टिटवीचा जीव खालीवर व्हायला लागला. अंडी गार पडली तर? ती गुहेशी गेली.

"माझं ठेवलेलं दाखवा."

साळिंदराने खडे दाखवले.

"आणि अंडी?"

"दिसत नाहीत बुवा."

"अहो, तुम्हीच ठेवलीत ना?"

"ठेवली की! आत सुखरूप आहेत. पण 'दाखवा' म्हटलं, की शिक्क्याचं तेवढंच दाखवायचं. ठेवण्याचा नियम वेगळा, दाखवण्याचा वेगळा."

"मग मी बघू तरी कशी?"

"'बिनशिक्क्यासह दाखवा' असा अर्ज करा, ताई."

टिटवीने अर्ज केला. तो कोल्ह्याकडे गेला. "जे दिसत नाही ते दाखवा, असं कसं म्हणता?" असा शेरा मारून कोल्ह्याने तो गेंड्याकडे धाडला. गेंड्याने तो सखोल अभ्यासासाठी बुडाखाली घेतला.

टिटवी रोज गुहेला कान लावून बसे. एका सकाळी आत टकटक झालं. मग चिवचिव. मग अंगाला गवत चिकटलेली चार पिल्लं तुरुतुरु दाराशी आली. दारात साळिंदर उभा.

साळिंदराने वाकून पायाशी पाहिलं. शिक्का कुठेच नव्हता.

"काहीच दिसत नाही," तो म्हणाला, आणि त्याने पाय जरा बाजूला घेतला.

टिटवी पिल्लांना घेऊन ओढ्याकडे जी सुटली, तिने मागे वळून पाहिलं नाही. खडे अजून आतच आहेत. त्यांच्यावर शिक्का आहे ना! ते सुटायला सह्या लागतात.

तात्पर्य : दरबाराच्या नजरेत भरण्याची घाई करू नये. जे दिसतं, ते अडतं. पिल्लं आता उडतात. अंडी दाखवण्याबाबतचा अर्ज विचाराधीन आहे.