टोपी वाळेपर्यंत

मामांच्या डोक्यावरून पाण्याचा एक थेंब निघाला, भुवईशी जरा घुटमळला आणि नाकाच्या शेंड्यावर येऊन लोंबकळत राहिला. तो पुसायची मामांना परवानगी नव्हती.

"हलू नकोस," भाची म्हणाली. "मान ताठ ठेव. आणि बोलू नकोस, बोललं की कपाळ हलतं."

"मग श्वास तरी—"

"नाकानं घे. हळू."

दुसऱ्या दिवशी सकाळी भाचीची शेवटची परेड होती. वर्षभर चिखलात सरपटून, दोरांवर लटकून ती आता खरीखुरी सैनिक होणार होती आणि आपल्या तुकडीच्या पुढे चालणार होती. या परेडपुरती म्हणून नव्हे, तर आयुष्यभरासाठी पलटणीची गडद लाल बेरे टोपी सगळ्या मुलींना कालच हातात मिळाली होती आणि ती घालण्याजोगी करायला आजची सुट्टीही. कारण नवी बेरे म्हणजे नुसती लोकरीची थाळी. तशीच डोक्यावर ठेवली तर माणूस अळंबीसारखा दिसतो. ती कढत पाण्यात बुडवायची, मग गार पाण्यात, पिळायची नाही, नुसती दाबायची, आणि ओलीच डोक्यावर चढवायची. बिल्ला डाव्या डोळ्याच्या वर, पट्टी भुवयांच्या वर सरळ, आणि उरलेलं कापड उजव्या कानाकडे खाली ओढून चापूनचोपून बसवायचं. मग ती डोक्यावरच वाळली पाहिजे. मध्येच काढली तर टोपी स्वतःच्या मनाचा आकार घेते, आणि तो दुसऱ्या कोणाच्याच मनाला येत नाही.

कवायत शिकवणारे उस्ताद तर टोपीच्या बाबतीत फार कडक. जरासा फुगवटा दिसला की विचारत, "इथं हेलिकॉप्टर उतरवायचंय का?" आणि त्या मुलीला परेडमधून काढून पाहुण्यांच्या खुर्च्या लावायला धाडत.

भाचीनं सकाळी टोपी भिजवून स्वतःच्याच डोक्यावर चढवली होती. पण तेवढ्यात शिंप्याचा फोन आला. गणवेशाच्या अंगरख्याचा खांदा उतरतोय, अंगावर घालून बघायला लगेच या, दुपारी दुकान बंद. साध्या कपड्यांवर पलटणीची टोपी घालून रस्त्यावर जायला सक्त मनाई. टोपी काढावी तर वाळायची राहते. म्हणजे आता हवं होतं दुसरं डोकं.

घरातली सगळी डोकी सुतळीनं मोजून झाली. भाचीच्या आईचा अंबाडा आडवा आला. वडिलांचं डोकं म्हणजे नुसता हंडा. मामा परेडसाठी बँकेतून सुट्टी काढून पाहुणे म्हणून आले होते. त्यांच्या डोक्याभोवती सुतळी अशी चपखल बसली की भाची आनंदानं ओरडलीच.

"बघ," ताई भावाकडे बघून म्हणाली, "इतक्या वर्षांत तुझं डोकं पहिल्यांदा कुणाच्या उपयोगी पडतंय."

त्यानंतर आईवडिलांना घेऊन भाची शिंप्याकडे गेली आणि मामा खिडकीतल्या उन्हात खुर्चीवर एकटे उरले. नाकावर थेंब घेऊन.

सुरुवातीला त्यांना बरं वाटलं. एका सैनिकाचं डोकं आपण सांभाळतोय, ही काही लहान गोष्ट नव्हे. पण मग ओल्या लोकरीखाली खाज सुटली. मामांनी दात आवळले, दुसरीकडे लक्ष वळवलं, आणि लक्ष वळवता वळवता त्यांना शिंक आली. साधीसुधी नाही, खिडकीची तावदानं थरथरतील अशी. टोपी पुढे सरकली आणि बिल्ला थेट नाकावर उतरला.

मामा ताडकन उठले. धावत ते आरशापुढे गेले. बिल्ला डावीकडे की उजवीकडे? भाचीनं सांगितलं होतं, पण त्या घाबरगुंडीत डावं-उजवं दोन्ही पळून गेलं होतं. नशिबानं टेबलावर तिच्या प्रशिक्षण केंद्राची पुस्तिका होती आणि मुखपृष्ठावर एका रुबाबदार सैनिकाचं छायाचित्र होतं. मामांनी पुस्तिका आरशाला टेकवली आणि आरशातले मामा छायाचित्रातल्या सैनिकासारखे हुबेहूब दिसेपर्यंत टोपी फिरवली, ओढली, चापली. जमलं! मामा समाधानानं पुन्हा खुर्चीवर जाऊन बसले.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. बँकेतून रोखपाल बाई बोलत होत्या.

"अहो, लॉकरच्या खोलीची दुसरी किल्ली कुठंय?"

मामांचा हात खिशाकडे गेला आणि तिथंच गोठला. किल्ली खिशात होती. लॉकरची खोली सांभाळण्याचं काम मामांचं. सुट्टीवर जाताना किल्ली जमा करायची, हा नियम बँकेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिला होता. लिहून घेतला होता मामांनीच.

"का हो? कुणाला लॉकर उघडायचाय का?" मामांनी ओठ न हलवता विचारलं.

"उघडायचा नाही. बाहेर यायचंय. जाळीचं दार कालपासून उघडंच राहिलं होतं, मॅनेजरसाहेब आत गेले आणि वाऱ्यानं ते बंद झालं. त्यांची किल्ली त्यांच्याकडेच आहे हो, पण एका किल्लीनं ते उघडत नाही ना! मगाशी ओरडत होते. आता ओरडतही नाहीयेत. तुम्ही लवकर या."

मामांनी क्षणभर खुर्चीकडे पाहिलं, क्षणभर आरशाकडे. टोपी काढली तर भाचीची परेड गेली. नाही गेलो तर मॅनेजर गेले, आणि त्यांच्या पाठोपाठ आपली नोकरी. शेवटी त्यांनी टोपीवर हलक्या हातानं टॉवेल गुंडाळला, तो हनुवटीखाली बांधला आणि दाढ दुखणाऱ्या माणसासारखं तोंड करून ते रिक्षात बसले.

"खड्डे चुकवा," ते रिक्षावाल्याला म्हणाले.

"फार दुखतंय का काका?"

"दुखत नाही. वाळतंय."

रिक्षावाल्यानं वेग निम्म्यावर आणला. मात्र तो आरशातून सारखा मागे बघत राहिला.

जेवणाची सुट्टी होती, बँकेचं शटर अर्धं खाली होतं. त्याखालून वाकून आत शिरताना टॉवेल शटरला अडकून बाहेरच राहिला. समोर पहारेकरी उभा होता. उंच, पांढऱ्या मिशांचा, निम्मी हयात फौजेत घालवलेला. लाल टोपी आणि बिल्ला दिसताच त्याच्या टाचा आपोआप जुळल्या आणि त्यानं खाडकन सलाम ठोकला. मामा गांगरले. उजव्या हातात किल्ली होती म्हणून त्यांनी डाव्या हातानं उलट सलाम केला.

पहारेकऱ्याचा चेहरा टोपीपेक्षा लाल झाला.

"साहेब, तुम्ही?" त्यानं मामांना ओळखलं. "ही टोपी तुमच्या डोक्यावर कशी? कमवावी लागते ती! उतरवा आधी."

"उतरवता येत नाही हो. ओली आहे."

"ओली असो नाहीतर सुकी. साधा माणूस ही टोपी घालून फिरला तर गुन्हा आहे. आत सोडणार नाही मी."

"अरे कोण आहे तिथं?" खोलीतून मॅनेजरांचा चिरका आवाज आला. "किल्ली आली का?"

"किल्ली आली साहेब," पहारेकरी ओरडला, "पण टोपी घालून आलीय!"

मग मामांनी एका दमात सगळं सांगून टाकलं. भाची, परेड, शिंपी, सुतळी, उस्ताद. सांगताना हात भराभर हलत होते, मान मात्र ताठच होती. पहारेकरी ऐकत होता. मॅनेजर आतून जाळी वाजवत होते. रोखपाल बाईंनी भीतीनं दोन्ही हात तोंडावर धरले होते. अखेर पहारेकरी मामांच्या जवळ आला आणि टोपीकडे नीट पाहून दचकला.

"अहो, बिल्ला उजव्या डोळ्यावर?"

"छायाचित्रात तसाच आहे. आरशात मी स्वतः पडताळून—" एवढं बोलून मामा थांबले. आरशातला डावा-उजवा आणि छायाचित्रातला डावा-उजवा यांतला घोटाळा त्यांच्या लक्षात आला. टोपी जवळजवळ वाळली होती. अगदी सुबक आणि संपूर्ण उलटी.

"तिला उस्ताद खुर्च्या लावायला पाठवणार," मामा खुर्चीत कोसळत म्हणाले. "माझ्यामुळं."

"गरम पाणी!" पहारेकरी गरजला. "बाई, चहाची किटली चालू करा. कूलरचं गार पाणी बादलीत घ्या. हलवा हात!"

"आधी मला बाहेर काढा!" आतून मॅनेजर ओरडले.

"साहेब, तुम्ही जरा थांबा. तुम्ही काही वाळत नाही. टोपी वाळतेय."

तरी मामांनी धडपडत जाऊन दार उघडलंच. मॅनेजर घामानं निथळत बाहेर आले. त्यांचे डोळे लाल होते आणि नाकही. मामांवर त्यांनी बोट रोखलं. "तुम्ही! किल्ली घरी नेता? उद्याच्या उद्या मला लेखी खुलासा—"

"खुलासा देतील ना ते," रोखपाल बाई किटली घेऊन जाता जाता म्हणाल्या. "सगळंच लिहावं लागेल मग. तुम्ही आत 'आई गं, आई गं' करत होतात, तेसुद्धा."

मॅनेजरांचं बोट हळूहळू खाली आलं. "लेखी नको," ते म्हणाले. "तोंडी चालेल." मग जरा वेळानं, "तोंडीसुद्धा राहू द्या."

टोपी पुन्हा भिजली. या वेळी पहारेकऱ्यानं स्वतःच्या हातांनी ती मामांच्या डोक्यावर बसवली. अंगठ्यानं पट्टी दाबली, तळहातानं उजवीकडे कापड चापून बसवलं आणि मामांना मॅनेजरांच्या खोलीत, मॅनेजरांच्याच पंख्याखाली बसवलं. पंखा पूर्ण वेगात. मॅनेजर फायली हातांनी दाबून धरत एका कोपऱ्यात काम करत बसले. सुट्टी संपून ग्राहक आले. काचेपलीकडे लाल टोपीतला ताठ माणूस आणि त्याच्या शेजारी पहारा पाहून रोजची ढकलाढकली आपोआप बंद पडली. रांग अशी सरळ लागली की रोखपाल बाईंना कसंतरीच वाटायला लागलं.

तिकडे भाची घरी पोचली होती. खुर्ची रिकामी, मामा गायब, टोपी गायब, आणि संध्याकाळच्या हजेरीपर्यंत छावणीत पोचायचं. तिनं मामांना फोन लावला.

"मामा. टोपी कुठंय?"

"माझ्या डोक्यावर. मी बँकेत आहे."

"बँकेत?" मागून ताईचा आवाज आला, "पकडलं का त्याला?"

अंगरखा हातावर टाकून भाची थेट बँकेत आली. तिनं मामांभोवती एक फेरी मारली. पट्टीवरून बोट फिरवलं. बिल्ला पाहिला, उतार पाहिला. मग पहारेकऱ्याकडे पाहून तिनं असा सलाम केला की म्हाताऱ्याला कितीतरी वेळ मिशीचे केसच सावरत बसावं लागलं.

टोपीच्या मागच्या कडेला अजून ओल होती, म्हणून छावणीच्या फाटकापर्यंत मामाच ती टॅक्सीत घालून गेले, काचा वर करून. फाटकाच्या अलीकडे भाचीनं ती दोन्ही हातांनी अलगद उचलली. टोपीचा आकार जसाच्या तसा राहिला. भाची हसली, आणि मग मामांकडे पाहून तिचं हसू एकदम थांबलं.

"काय झालं?"

"काही नाही. घरी गेल्यावर आरशात बघ. आणि आईला लगेच दाखवू नकोस."

नव्या लोकरीचा रंग दोनदा भिजून निथळला होता, आणि मामांच्या डोक्यावर केस म्हणायला फक्त कानांमागची झालर. साबण झाला, तेल झालं, लिंबू झालं, शेवटी ताईनं भांडी घासायचा काथ्यासुद्धा वापरला. डोकं नुसतं चकाकायला लागलं. रंग तसूभर हलला नाही.

सकाळी मामा लोकरीची कानटोपी घालून परेडला गेले. उकाड्यानं माणसं हैराण झाली होती. छावणीत पोचल्यावर कळलं की पहाटे पाण्याची मोठी वाहिनी फुटून मैदानाचं तळं झालंय, म्हणून परेड सभागृहात होणार. आणि पलटणीच्या रिवाजाप्रमाणे छताखाली कोणी टोपी घालत नाही. सगळ्या मुली बोडक्या डोक्यानं ओळीत उभ्या राहिल्या. प्रत्येकीची बेरे हातात, घडी करून. सगळ्यांत पुढे भाची होती. तिनं ओठ घट्ट मिटले होते.

"टोपीसाठी मेलो असतो मी काल," मामा पुटपुटले.

"हळू बोल," ताई कुजबुजली. "ते आले बघ."

कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी उस्ताद पाहुण्यांच्या रांगांमधून फिरत होते. सडसडीत माणूस, चेहऱ्यावर एकही फालतू सुरकुती नाही. कोणाची टोपी, कोणाचा स्कार्फ, बोटानं नुसती खूण केली की उतरत होता. ते मामांपाशी येऊन थांबले.

"ध्वज आत येतोय. टोपी काढा."

"जरा सर्दी—"

"काढा."

मामांनी डोळे मिटून कानटोपी ओढली. आसपासच्या माना वळल्या. उस्तादांनी थोडा वेळ वाट पाहिली.

"काढा म्हटलं ना?"

"काढली," मामा क्षीण आवाजात म्हणाले. "एवढीच निघते."

उस्ताद वाकले. भुवयांच्या वर आखल्यासारखी सरळ लाल रेघ. डाव्या डोळ्याच्या वर बिल्ल्याची फिकी जागा. तिथून उजव्या कानाकडे गेलेला स्वच्छ उतार. रोज मुलींभोवती फिरत तसे ते मामांभोवती एक फेरी मारून आले. मागचं पाहिलं, कडेचं पाहिलं. मामांची मान आपोआप ताठ झाली. ओळीच्या पुढे उभी भाची डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत होती.

"फुगवटा नाही," उस्ताद म्हणाले. मग त्यांनी हात पुढे करून वाट दाखवली. "इथं मागे नको. चला, पहिल्या रांगेत बसा."

मामा उठले. ताईही पदर सावरत, अभिमानानं त्यांच्या पाठोपाठ उठली.

"आपण इथंच बसा बाई," उस्ताद अदबीनं म्हणाले. "आपण गणवेशात नाही."