काळबांडे विरुद्ध गिरडकर

डॉ. प्रीती गिरडकरांच्या बढतीची फाईल तिसऱ्यांदा परत आली, तेव्हा फाईलवर आस्थापना विभागाच्या बळीराम बाबूंनी लाल शाईत शेरा मारला होता, 'एकतीसपैकी एकोणीस पेपर परक्या बाईचे आहेत.'

ही परकी बाई म्हणजे डॉ. दिपाली काळबांडे, आणि ती खुद्द प्रीतीच होती. कर्करोगावरचे पहिले एकोणीस पेपर तिने माहेरच्या नावाने लिहिले. मग ती नंदनवन वस्तीतल्या गिरडकरांची सून झाली. तिथे नणंदेचंही नाव दिपाली. एका हाकेला दोघी धावून येतील, म्हणून सासूबाई प्रयागबाईंनी सुनेचं नाव बदलायचं ठरवलं आणि नवरदेव अंकुशने ताटातल्या तांदळावर अंगठीने 'प्रीती' लिहून टाकलं. अकरा वर्षं कुणाचं काही अडलं नाही. आता मात्र सहयोगी प्राध्यापक व्हायला तिच्या संशोधन संस्थेच्या नियमाप्रमाणे चारशे सायटेशन हवी होती. काळबांडेंची होती तीनशे एक्क्याऐंशी, गिरडकरांची सत्तावीस; दोघींची मिळून चारशे आठ.

प्रीतीने नाव बदलल्याचं राजपत्र जोडलं. बळीराम बाबूंनी ते चष्मा कपाळावर चढवून वाचलं.

"मॅडम, हे तर दिलीप काळबांडेचं प्रीती गिरडकर झालं म्हणते."

अर्ज अंकुशने इतवारीतल्या एका नेटकॅफेत भरून घेतला होता आणि छापून आलेलं कुणी वाचलंच नव्हतं.

"अहो, दिपालीचं दिलीप झालं टाइप करताना."

"झालं असन. पण तुमी ह्या काळबांडे मॅडमले लय झोडपलं आहे. त्यायनं लिहिलं, संत्र्याच्या सालीच्या अर्कानं कॅन्सरच्या पेशी मरतात. तुमी लिहिलं, मरत नाही, नुसत्या सुस्तावतात. ज्यायच्याशी एवढं वाकडं, त्यायचेच पेपर तुमच्या यादीत? त्यायचं ना-हरकत पत्र आणा."

प्रीती वैतागली होती, पण बढती हवी होती. तिने तिथेच बसून दिपालीच्या नावाने पत्र लिहिलं आणि खाली सही ठोकली. बळीराम बाबूंनी दोघींचं अक्षर शेजारी-शेजारी ठेवलं. ते तंतोतंत जुळलं. मग काय, आगीतून फुफाट्यात. प्रकरण 'बनावट सही' म्हणून थेट बढतीच्या समितीपुढे गेलं.

समितीच्या दिवशी प्रयागबाई लग्नाचा अल्बम काखेत मारून सुनेसोबत हजर झाल्या.

"सायेब, हिचं नाव म्या बदललं. आता पाहा, हे ताटात लिहेल हाय प्रीती, अन् मांघच्या लग्नाच्या फलकावर हाय दिपाली. अन् मधात बसली ते हे."

अध्यक्ष डॉ. शालिकराम यांनी फोटो पाहिला, समोरच्या प्रीतीकडे पाहिलं आणि त्यांना हसू आवरेना. "झालं तर. दोघी एकच."

"एकच असतीन तर घोटाळा आहे सर," बळीराम बाबू म्हणाले. "स्वतःच स्वतःचं केलेलं सायटेशन आपण धरत नाही. गिरडकर मॅडमनं काळबांडे मॅडमचं नऊदा केलं. चारशे आठातून नऊ गेले. तीनशे नव्याण्णव."

प्रीतीचा चेहरा उतरला. इतके दिवस दोघी होत्या म्हणून अडलं होतं, आता एकच निघाली म्हणून अडलं.

"सायटेशन म्हंजे काय वं?" प्रयागबाईंनी हळूच विचारलं.

"दुसऱ्या संशोधकानं त्याच्या पेपरात आपलं नाव घेणं."

"अन् आपलं आपणच घेतलं तर?"

"ती आपणच केलेली आपली वाहवा, आई. ती मोजत नाहीत."

प्रयागबाई बळीराम बाबूंकडे वळल्या. "काहून जी, तुमीच तं म्हणत होते, हिनं त्या काळबांडीले झोडपलं. मंग वाहवा कोठं केली?"

"झोडपलं एकाच पेपरात, मावशी. बाकीच्या आठांत वाहवाच आहे."

"मंग ते एक धरा. सोताची वाहवा कोनीबी करते, सायेब. सोताचं नाव घेऊन 'माहं चुकलं' म्हनाले लय धीर लागते. मलेच पाहा. पोरीचं चांगलं नाव होतं, हाकेच्या सोयीसाठी सवा किलो तांदळात पुसून टाकलं. ते चुकलं म्हनाले मले अकरा वर्सं लागले."

एवढं बोलून त्यांनी पदराने नाक पुसलं. प्रीतीला त्यांचा हात धरावासा वाटला आणि तिने तो धरलाही.

"बळीरामजी, नियमात काय शब्द आहे?" शालिकरामांनी विचारलं.

"स्वतःची भलामण करणारं सायटेशन धरू नये."

"ही भलामण आहे?"

बळीराम बाबूंनी तो पेपर पुन्हा चाळला. "नाही सर. हे तर लय कडक आहे."

"मग लिहा चारशे."

बळीराम बाबूंनी लिहिलं. लाल पेन ठेवून निळं घेतलं. "आदेश कोणत्या नावानं काढू?"

प्रीतीने तोंड उघडायच्या आत प्रयागबाई म्हणाल्या, "दिपाली लिहा." मग काय वाटलं कोण जाणे, त्या सुनेकडे वळल्या आणि जरा अवघडून म्हणाल्या, "चालते ना वं तुले?"

लग्नात हे विचारायचं राहून गेलं होतं.