जखमी पडणारे सोपानतात्या

सोपानतात्यांच्या घरात सरळ शिरता येत नाही. उंबऱ्याबाहेर त्यांनी चुन्याची रेघ मारली आहे. त्या रेघेवर उभं राहायचं, हात पसरायचे, तळवे वर करायचे. मग तात्या आतून एक बंद पडलेली टॉर्च घेऊन येतात आणि ती तुमच्या डोक्यापासून पायापर्यंत हळूहळू फिरवतात, अंगाला न लावता. फिरवताना जिभेने आवाज काढतात, टिक… टिक… टिक. पुढून झालं की पाठ करायची. शेवटी एकेक पाय मागे उचलून तळवा दाखवायचा, घोड्याला नाल मारताना दाखवतात तसा. मग ते म्हणतात, "जा. साफ हायेस."

टिकटिक जोरात झाली तर समजायचं की तात्यांचं तुमच्यावर मन नाही. दूध संस्थेचे चेअरमन एकदा मतं मागायला आले होते, तेव्हा तात्यांची जीभ दुखायला लागली होती. माझ्यावर टिकटिक नेहमी बेताची होते. फक्त इंग्रजीत नापास झालो तेव्हा टॉर्च डोक्यापाशी बराच वेळ थांबली होती.

"हितं कायच लागंना," तात्या म्हणाले. "रिकामं दिसतंय."

तात्या माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. धारूरच्या डोंगराखालचं आमचं गाव सोडून ते तरुणपणीच समुद्राकडच्या एका अणुवीज केंद्रात कामाला गेले आणि निवृत्त होऊन परत आले. ते तिथे काय करत होते, हे गावाला आजही नीट कळलेलं नाही. अजून कुणीतरी विचारतंच, "तात्या, तुमच्या अणूची लाइट आपल्या गावात कावून येत न्हाई?" विजेची डीपी जळाली की पोरं आधी त्यांच्याकडे जातात.

खरं म्हणजे तात्या तिथल्या दवाखान्यात मदतनीस होते. पण त्यांचं खरं काम जखमी पडण्याचं. अशा केंद्रात सराव घेतात, त्याला मॉकड्रिल म्हणतात. भोंगा वाजतो, कुठेतरी काहीतरी फुटलं असं धरून चालायचं, सगळे आपापल्या जागी पळतात. मग एक माणूस जखमी सापडतो. त्याला उचलायचं, अंगावर किरण लागलेत का ते बघायला टिकटिकणारं मीटर फिरवायचं, कपडे कापून पिशवीत घालायचे, कोमट पाण्याने धुवायचं. तो जखमी माणूस म्हणजे दर वेळी सोपानतात्या. साहेब बदलले, डॉक्टर बदलले, जखमी तोच राहिला.

"एकदा तर मी मेलो," ते अभिमानाने सांगतात. "नवा डॉक्टर व्हता. मांडीतून रगत चाललंय असं माझं सोंग, अन् ह्यो बाबा मला आंगुळ घालत बसला! मी डोळे मिटले अन् मेलो. मोठ्या साहेबानं समद्यांसमोर त्याला झापला. आदी जीव, मग धुणं. ध्यानात ठिव. अंगावर किरण असू दे, न्हाईतर शेण असू दे. आदी जीव."

एवढं सगळं करून त्यांच्या मनात एक सल होती. जन्मभर ते पडले, पण भोंगा वाजवायला त्यांना कुणी दिला नाही. गावात आल्यावर त्यांनी दूध संस्थेचं शीतकरण केंद्र पाहिलं. दूध गार करायच्या यंत्रात अमोनिया असतो, आणि तो गळला तर डोळ्यांची, छातीची वाट लागते, हे ऐकल्यावर तात्यांचे डोळे चमकले. शिवाय केंद्राला भोंगा होता.

"तिकडं मी पडलो," ते मला म्हणाले. "आता हितं दुसऱ्याला पाडीन."

पण चेअरमन दर वेळी पुढच्या महिन्यावर ढकलायचे. तेवढ्यात दुष्काळ पडला. गुरं चारा छावणीत गेली. माझे वडीलही आमच्या दोन गायी घेऊन मांजरसुंब्याकडच्या छावणीत राहिले होते. गावातलं दूध आटत आटत चहापुरतं उरलं. एक दिवस चेअरमननी सांगून टाकलं की आता केंद्राला कुलूप लावायचं. तात्या त्यांच्यापुढे हात जोडून उभे राहिले. "कुलपाच्या आदी एकदा. फकस्त एकदा पुरं मॉकड्रिल होऊ द्या. मग यंत्र इका, न्हाईतर भंगारात घाला." चेअरमन हसले आणि हो म्हणाले. बहुतेक टिकटिक आठवली नसावी.

जखमी म्हणून माझी निवड झाली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. त्यामुळे गावात कुठलंही नवीन, अवघड किंवा लाजिरवाणं काम निघालं की ते माझ्याकडे येतं, आणि मला नाही म्हणता येत नाही.

"शिकलेलाच माणूस लागतो," तात्या म्हणाले. "अडाण्याला पाडलं तर मदीच उठून तंबाखू मळतंय."

आठवडाभर मी त्यांच्या अंगणात पडायला शिकलो. पडणं जमलं, कण्हणं काही जमेना. माझं कण्हणं हजेरी दिल्यासारखं यायचं.

"आई गं," मी म्हणायचो.

"कुणाला सांगतूयस? मास्तरला? पोटातून काड!"

मी पोटातून काढलं. शेजारची म्हातारी ओवा घेऊन आली. तात्या खूश झाले. मला मात्र तिला खरं सांगायचा धीर झाला नाही. मी सगळा ओवा खाल्ला.

धुण्याचा प्रश्न होता. टँकरच्या पाण्यावर जगणाऱ्या गावात धडधाकट माणसाला आंघोळ घातली असती तर मॉकड्रिलची खरी मारामारी झाली असती. म्हणून पाणी आहे असं धरायचं ठरलं. तात्या रिकामा तांब्या माझ्या डोक्यावर ओतायचे आणि विचारायचे, "कोमट हाय ना?" मी प्रामाणिकपणे म्हणायचो, "जरा गार वाटतंय." मग ते आत जाऊन तांब्या चुलीवर धरून यायचे.

घरोघरी कळवायचं काम पण माझंच. केंद्राच्या शेजारी विहीर आहे. टँकर तीत रिकामा होतो आणि त्या उन्हाळ्यात टँकर आला की केंद्राचाच भोंगा वाजवत होते. तेव्हा लोकांचा गोंधळ होऊ नये म्हणून मी स्वतःच्या डोक्याने एक वाक्य जोडलं. प्रत्येक दारात उभा राहून मी शुद्ध भाषेत सांगितलं, "उद्या सकाळी भोंगा वाजेल, तो केवळ सराव आहे. टँकर आलेला नसेल. तरी कृपया कोणीही हंडे घेऊन येऊ नये."

हे वाक्य मी अजूनही कधी कधी मनात म्हणून बघतो. त्यात व्याकरणाची चूक नाही.

सकाळी तात्या इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले. गळ्यात शिट्टी होती. तेलात कुंकू कालवून त्यांनी माझ्या कपाळावर जखम काढली, गळ्यात लाल चिंधी बांधली, म्हणजे हा जखमी सगळ्यात आधी उचलायचा. मी केंद्राच्या फाटकाशी पडलो. दूध मोजणारा बबन बाज घेऊन तयार राहिला, कारण स्ट्रेचर नव्हतं. चेअरमन सावलीत खुर्ची टाकून बसले. तात्यांनी भोंग्याच्या बटणावर बोट ठेवलं. तेव्हा त्यांचा चेहरा असा होता की मी नीट पडून राहायचं ठरवलं.

भोंगा वाजला.

तात्यांनी शिकवलं होतं की गॅस गळला की वारा बघायचा आणि वाऱ्याला आडवं पळायचं, केंद्रापासून लांब. मी जमिनीला कान लावून होतो. मला पहिल्यांदा जमीन थरथरल्यासारखी वाटली. मग भांड्यांचा आवाज आला. मग प्रत्येक गल्लीतून हंडे, घागरी, कॅन, बादल्या घेऊन अख्खं गाव सरळ केंद्राकडे धावत आलं.

"म्हणं हंडे आणू नगा!" एक बाई ओरडत होती. "चेअरमनच्या गल्लीला आदी भरून द्यायचं व्हतं, दुसरं काय!"

"मला तवाच वास आला!" दुसरी म्हणाली. "कॉलेजचं पोरगं दारोदार पाठिवलं, तवाच वळखलं!"

तात्या शिट्टी फुंकत होते. "मागं व्हा! गॅस हाय! समदे मेलात तुमी!" पण तोवर विहिरीपासून फाटकापर्यंत हंड्यांची रांग लागलीसुद्धा होती. एक घागर माझ्या डोक्याशी आली, एक कॅन पायाशी.

"ए, ह्यो बघ," कुणीतरी म्हणालं, "मदी आडवा पडून नंबर लावतोय! हंडा कुठंय बे तुझा?"

मला पोटातून कण्हायचं होतं. तोंडातून आलं, "मी सरावात आहे."

तेवढ्यात माझी आई आली. तिने आधी कपाळावरचं लाल बघितलं. तिच्या हातातला हंडा पडला. ती माझ्याजवळ बसली, बोट लावलं, बोट नाकाशी नेलं. तेल-कुंकवाचा वास आल्यावर तिने मला जी थोबाडीत मारली, ती मात्र कशाचाही सराव नव्हती.

"जिती माणसं लाल फासून मढ्यावानी पडतेत व्हय? ऊठ! बाप छावणीत हाय अन् हे हितं सोंगं करतंय!" मग ती तात्यांकडे वळली. "भावजी, माझं पोरगं न्हाई पडायचं. दुसरं बघा."

दुसरं कोण पडणार? बबन आधीच बाजेच्या पलीकडे गेला होता. टँकर नाही हे हळूहळू लोकांना पटलं. चेअरमन खुर्चीतून उठले. "झालं की तात्या तुमचं नाटक. आता कुलूप घालू."

तात्या शिट्टी हातात धरून उभे होते. त्यांनी भोंग्याकडे बघितलं, मग आम्हा सगळ्यांकडे. शिट्टी माझ्या हातात दिली. डोक्यावरची टोपी काढून घडी करून खिशात ठेवली. माझ्या गळ्यातली लाल चिंधी सोडून आपल्या गळ्यात बांधली आणि मी पडलो होतो तिथे, इस्त्रीच्या सदऱ्यासकट, मातीत पडले.

"चल," पडल्या पडल्या ते मला म्हणाले. "तू काड मला."

मग ते कण्हले. कण्हणं कशाला म्हणतात हे मला तेव्हा कळलं. रांगेतल्या बायांनी तोंडाला पदर लावला. शिट्टी आता माझ्याकडे होती, पण मला ती वाजवायचं सुचलं नाही. मी आणि बबनने त्यांना बाजेवर घेतलं.

"आई गं… पायाकून नगं… डोक्याकून उचला… मेलो रं… बबन्या, वाकून नगं, गुडघ्यात बस… आई गं…"

आम्ही त्यांना केंद्राच्या ओसरीत आणलं. सगळं गाव हंड्यांसह मागे आलं. आधी जीव. मी मांडीला फडकं बांधलं, ते सैलच राहिलं. तात्यांनी डोळे मिटलेले ठेवूनच गाठ आवळून घेतली. मग ते शुद्धीवर आहेत का हे पाहायला मी त्यांनीच शिकवलेले प्रश्न विचारायला लागलो. नाव काय? सोपान. गाव कोणतं? सांगितलं. कुठं दुखतंय? मांडीत.

"घरी कुणाला कळवायचं?"

"शेवंताला," तात्या झटक्यात म्हणाले.

शेवंताकाकी म्हणजे त्यांची बायको. ते निवृत्त व्हायच्या आधीच ती तिकडे वारली. मूलबाळ नव्हतं. प्रत्येक सरावात ते हेच नाव सांगत आले असतील, आणि दवाखान्यातून वसाहतीतल्या घरी निरोप जात असेल की सोपानराव जखमी आहेत, काळजी नको, सराव आहे.

मी पुस्तकी माणूस, प्रश्नाचं धड उत्तर मिळालं नाही की प्रश्न पुन्हा विचारतो. मी पुन्हा विचारलं, "घरी कुणाला कळवायचं?"

तात्यांचे डोळे मिटलेलेच होते. "फुडचं इचार," ते हळू म्हणाले. "ते ऱ्हाऊ दे."

मग आई पुढे आली. पोचा पडलेला हंडा कमरेवर तसाच होता.

"कावून ऱ्हाऊ दे?" ती माझ्यावर खेकसली. "माझं नाव सांगा म्हण की त्यान्ला. हिराबाई म्हणावं. भावजय. हाकेच्या अंतरावर घर हाय, कळवायला काय फोन लागतोय?"

तात्यांनी कण्हायचं थांबवलं होतं. ते म्हणाले, "सांगितलं. हिराबाई." आणि मला, "घे फुडं. धुवायचं ऱ्हायलंय."

मी रिकामा तांब्या घेतला आणि त्यांना डोक्यापासून पायापर्यंत धुतलं. कुणी हसलं नाही. चेअरमनसुद्धा धुणं होईपर्यंत उभे राहिले.

केंद्राला कुलूप लागलं. आता रोज कॉलेजला निघताना आई मला बजावते, "भावजीकडं डोकावून जा." मी जातो तेव्हा अंगण झाडलेलं असतं, चहा उकळून तयार असतो, शेजारी दोन कप धुऊन उपडे घातलेले असतात. तात्या मात्र बाजेवर डोळे मिटून पडलेले असतात. मी दारातून हाक मारतो. पहिल्या हाकेला ते कधीच उठत नाहीत. मग मी दुसरी मारतो.