अतिरिक्त डावा पाय

ऑटोमॅटिक गाडी घेतली की मालकाचा डावा पाय अतिरिक्त ठरतो आणि त्याचं दुसरीकडे समायोजन होतं, हे नोटीस हातात पडेपर्यंत गुरसाळे सरांना माहीत नव्हतं.

खरं तर माहीत असायला हवं होतं. एकोणीस वर्षं मुख्याध्यापक राहिलेल्या माणसाला अतिरिक्त म्हणजे काय हे दुसऱ्या कुणी सांगावं? पटसंख्या घटली की तुकडी बंद होते, तुकडी बंद झाली की शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि जिल्ह्यात जिथे जागा रिकामी असेल तिथे त्याला जावं लागतं. सरांनी स्वतःच्या सहीने चौघांना असं पाठवलं होतं. भूगोलाच्या भोईटे बाई तर त्यांच्या टेबलासमोर उभ्या राहून रडल्या होत्या. सरांनी त्यांना पाणी दिलं आणि "नियम आहे, बाई," असं सांगितलं होतं.

गाडी कोणती घ्यायची यावर घरात दीड महिना काथ्याकूट चालला होता. सरांचा ओढा मॅन्युअलकडे. सव्वीस वर्षं क्लच दाबलेला माणूस तो, गिअर आपल्या हाताने टाकल्याशिवाय गाडी चालवल्यासारखं त्यांना वाटत नसे. बायकोचं, शैलजाबाईंचं म्हणणं वेगळं. "गुडघा धरून बसता रोज संध्याकाळी. तेल मी चोळायचं आणि क्लच तुम्ही दाबायचा, हे किती दिवस?" शेवटी ऑटोमॅटिक ठरली.

शोरूममधल्या अर्जात एक रकाना होता. 'डावा पाय: कार्यरत / अतिरिक्त.' दुसऱ्या कुणी तो कोरा सोडला असता. पण कोऱ्या रकान्यावरून सरांनी आयुष्यभर कारकुनांना फैलावर घेतलेलं. त्यांनी पेन उचललं, प्रामाणिकपणे विचार केला आणि 'अतिरिक्त'वर खूण केली. पायाला काम नाही तर नाही, खोटं कशाला लिहायचं?

आठव्या दिवशी नोटीस आली. सुनावणीला पायासह समक्ष हजर राहावं, असं तीत लिहिलं होतं. सरांच्या तोंडचं पाणीच पळालं. त्यांनी ती तीनदा वाचली, खालचा शिक्काही तपासला. शिक्का बरोबर होता.

समायोजन कक्षात निकाळजे मॅडम बसल्या होत्या. बाई शांत, टेबल स्वच्छ.

"बसा सर. पायाला पुढे घ्या."

"मॅडम, ही काहीतरी चूक झालीय. माझा पाय आहे हा."

"चूक नाही. खूण तुमचीच आहे ना?"

"माझीच. पण मी गाडीपुरतं लिहिलं होतं!"

"आम्हीही गाडीपुरतंच बघतो," मॅडम म्हणाल्या. "नवीन गाडीत पेडल दोन, दोन्हीला उजवा पाय. डाव्याचा कार्यभार शून्य. शून्य कार्यभारावर आम्हाला कुणाला ठेवता येत नाही."

"अहो, पण चालायचं कसं यांनी?" बरोबर आलेल्या शैलजाबाईंचा आवाज चढला.

"चालावं लागू नये म्हणूनच गाडी घेतली ना, ताई?"

सर पुरते हबकले होते. त्यांनी पँटवरूनच गुडघा घट्ट धरला आणि एका दमात म्हणाले, "ऑटोमॅटिक परत करतो. आजच मॅन्युअल घेतो. गुडघा दुखला तर दुखू दे."

मॅडमनी मान हलवली. "करता येईल. मग पायाला विकल्प द्यावा लागेल. यादीत नाव आल्यावर मालकाला एकट्याला ठरवता येत नाही."

"द्या की! द्या विकल्प," सर म्हणाले. त्यांचा जीव भांड्यात पडला. सव्वीस वर्षांचा संबंध. पाय कुठे जाणार होता?

मॅडमनी तीन चिठ्ठ्या लिहिल्या, मोठ्याने वाचल्या आणि फरशीवर ओळीने ठेवल्या. पहिली, एसटी आगारातली जागा. दुसरी, मांडवखोल घाटात वडापच्या प्रवासी फेऱ्या मारणाऱ्या बाबाजी शेलारांची जुनी जीप. तिचा क्लच इतका जड की तिथे डाव्या पायाची मंजूर पदं दोन होती आणि एक वर्षभर रिकामं होतं. तिसरी, मूळ ठिकाण, म्हणजे गुरसाळे सर.

"चप्पल काढा सर. दबाव आणू नका."

सरांनी चप्पल काढली. पाय पहिल्या चिठ्ठीजवळ गेला, थांबला. मग तिसरीपाशी आला. अंगठा चिठ्ठीच्या कडेवर दोन-तीनदा फिरला. तेवढ्यात सरांना राहवलं नाही, ते हळूच म्हणाले, "अरे, तेल चोळून घेऊ रोज. दोन वेळा."

पाय उचलला गेला आणि दुसऱ्या चिठ्ठीवर टाच टेकवून ठाम उभा राहिला.

सरांना धक्का बसला तो शब्दांत सांगण्यासारखा नव्हता. चिठ्ठी चुकली असेल, असं ते दोनदा म्हणाले. मॅडमनी दोन्ही वेळा ऐकून घेतलं. मग मान खाली घालून सरांनी विचारलं, "मी काय कमी केलं त्याला?"

"तसं काही नसतं, सर," मॅडम म्हणाल्या आणि त्यांच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला. "नियम आहे."

अंगापासून सुटताना काही दुखलं नाही. पाय चप्पल घालून आदेशाच्या प्रतीसह दारातून बाहेर पडला. मांडवखोलची गाडी पावणेचारची होती. मॅन्युअल गाडीचा प्रश्न आता उरलाच नव्हता. शिपायाने सरांना चाकाच्या खुर्चीतून त्यांच्या ऑटोमॅटिकपर्यंत आणलं, आत बसवलं आणि खुर्ची कार्यालयाची असल्यामुळे परत नेली.

घरापर्यंत गाडी सरांनीच चालवली. चौकात सिग्नल लागला, पुलावर गर्दी लागली, चढावर एक ट्रॅक्टर आडवा आला. कुठे काही अडलं नाही. पाऊण तासात त्यांना पायाची एकदाही आठवण झाली नाही, आणि हे लक्षात आलं तेव्हा ते पुन्हा हादरले.

शैलजाबाईंनी उतरून फाटक उघडलं, गाडी आत घेतली गेली. त्यांनी सरांच्या बाजूचं दार उघडून हात पुढे केला.

"उतरा."

सरांनी बाहेर पाहिलं. गाडीपासून ओट्यापर्यंत आठ फरशा होत्या. त्यांनी त्या मोजल्या आणि दार आतून ओढून घेतलं.

"बस गं तू," ते काच खाली करून म्हणाले. "अजून एक चक्कर मारून येऊ."

शैलजाबाईंनी फाटक पुन्हा उघडलं.