साळवे काकांचा पेन्सिल सेल

साळवे काकांच्या खिशात पेन नसतो, पेन्सिल सेल असतो. बजाजनगरच्या आमच्या गल्लीत कुणाकडे नवा म्युझिक सेट आला की ते न बोलावता हजर. स्पीकरच्या वायरीची दोन टोकं सेलला टेकवायची, पडदा पुढे उसळला की जोडणी बरोबर. "लालला लाल, काळ्याला काळी. नायतर गाणारा गायब." एक स्पीकर जरी उलटा जोडला तरी दोघं मिळून मधला, म्हणजे गाणाऱ्याचा, आवाज खातात, असं त्यांचं शास्त्र.

माझ्या लग्नात त्यांनी मांडवातले स्पीकर सोडवून पुन्हा जोडले आणि मुहूर्त टळला. सासरेबुवा अजून ते बोलून दाखवतात. तरी नवा सेट घेतला तेव्हा मी पहिला फोन काकांनाच केला.

गेल्या महिन्यात कुसुमकाकू लेकीच्या बाळंतपणासाठी नाशिकला गेल्या आणि काका दिसेनासे झाले. समोरच्या घरी नवे स्पीकर आले तरी फिरकले नाहीत. मग मात्र मला राहवेना.

गेलो, तर घराला नुकताच रंग दिलेला आणि काकांचं तोंड उतरलेलं. आठवडाभर काकूंचा फोन उचलला नाही म्हणाले. कारण विचारलं तर त्यांनी सेट सुरू केला. काकूंनी विहारात गायलेलं गीत होतं. त्या गेल्यापासून काका रोज सकाळी लावायचे. पेटी, ढोलकी ठणठणीत. काकूंचा आवाज मात्र विहिरीतून आल्यासारखा.

"तीस वर्षं वाळूजला प्रेस शॉपात, पत्रे ठोकायच्या दणदणाटात काढली, सर. माझ्यासंगच्या तिघांचे कान गेले, आता माझे. फोनवर बी हिचा आवाज असाच आला तर? मला नाय बघायचं ते."

माझं बोलणं तर ऐकू येतंय, असं मी म्हटलं. त्यावर, तुम्ही मास्तर, तुमचं लासूर स्टेशनपर्यंत जातं, म्हणाले.

पण आवाज मलाही तसाच येत होता, आणि माझे कान धड आहेत. रंगकामानंतर जोडणी कुणी केली, विचारलं. मीच, म्हणाले, जरा घुश्शातच. वायर नवी होती. दोन्ही पदर पारदर्शक, एकावर फक्त बारीक रेघ. आणि चष्मा रंगाऱ्यांच्या पसाऱ्यात हरवलेला.

मी वायरी सोडवल्या आणि त्यांच्याच खिशातला सेल टेकवला. डाव्या स्पीकरचा पडदा पुढे उसळला. उजव्याचा आत गेला.

गल्लीभर जोडण्या तपासणाऱ्या माणसानं घरची तपासलीच नव्हती. मला हसू आवरेना, आणि खरं सांगतो, जीव भांड्यात पडला. टोकं बदलली, गाणं लावलं. काकू समोर बसून गात होत्या.

काकांनी ते मध्येच बंद करून नाशिकला फोन लावला. काकूंचा भडिमार मला दारापर्यंत ऐकू येत होता. शेवटी दमून काकूंनीच विचारलं, काम काय होतं?

"काम काय नाय," काका म्हणाले. "तू बोल. मी ऐकायलो."