फिरत्या कडेची टोपी

मनुष्यप्राण्याला डोकं एकच मिळालेलं असून त्यावर येणारे प्रसंग मात्र अनेक असतात. ही तफावत निसर्गाच्या लक्षात कशी आली नाही, याचं न्यू जर्सीत आयसेलिनजवळ राहणाऱ्या जगन्नाथराव टिल्लू यांना १९८६च्या उन्हाळ्यात फार आश्चर्य वाटलं. निसर्गाची ही चूक त्यांनी आपल्या तळघरात दुरुस्त करायला घेतली.

चूक उघडकीला आली होती ती तिथल्या मराठी मंडळाच्या आदल्या वर्षीच्या पिकनिकमध्ये. पार्कात उघड्यावर सत्यनारायण, मग भाजलेली कणसं, मग क्रिकेट, असा आपल्या समाजाचा सुटसुटीत कार्यक्रम असतो. पूजेला काळी टोपी लागते. कणसांपाशी उन्हासाठी कडेची हॅट लागते. क्रिकेटच्या वेळी सूर्य जागा बदलतो आणि त्याला कोणी काही बोलत नाही. जगन्नाथरावांच्या डोक्यावर केस नसल्याने (पुढचे शिष्यवृत्तीने नेले, मागचे ग्रीन कार्डाने) हा प्रश्न त्यांच्यापुरता तात्त्विक नव्हता.

उपाय असा. मधे काळी गोल टोपी. भोवती सुटी कड, एकीकडे रुंद, दुसरीकडे अरुंद. टोपीच्या खालच्या अंगाला खाच. तिच्यात कड बसते आणि बोटाने ढकलली की रुंद बाजू सूर्याकडे वळते. कानामागची खिट्टी दाबली की कड अलग होते आणि माणूस पूजेला बसायला पात्र होतो. दिवसा जगन्नाथराव पंपांच्या कंपनीत झडपांची ड्रॉइंग्ज करत, त्यामुळे ही टोपी गळणार नाही याची त्यांनी पत्नीला हमी दिली.

"अहो, टोपी गळते कधी?" उत्तराताईंनी विचारलं.

उत्तराताईंना तळघर मंडळाच्या नाटकाच्या तालमींसाठी द्यायचं होतं. सध्या तिथे शिलाई मशीन, बाद टोप्यांचा ढीग आणि एक लाकडी डोकं (जगन्नाथरावांच्याच मापाचं, फक्त जास्त शांत) नांदत होतं.

"पिकनिकला एका तरी माणसाने ही टोपी आपणहून डोक्यावर घातली, तर तळघर तुमचं," त्या म्हणाल्या. "नाहीतर मंडळाचं. आणि तुम्ही घातलेली धरायची नाही."

"एकच माणूस? अगं, दोनशे जण येतात!"

"हो, पण आपलेच येतात ना."

या वाक्याचा अर्थ जगन्नाथरावांना पिकनिकपर्यंत लागला नाही.

पिकनिकला ऊन सणसणीत होतं. पहिला मान दुसऱ्याला मिळावा म्हणून जगन्नाथराव स्वतः बोडके गेले. आरती होताच त्यांनी टोपी मंडळाचे अध्यक्ष चारुदत्त यांच्या हातात ठेवली. चारुदत्त पूल बांधत असत.

"टिल्लू, ब्रिलियंट आहे यार!" चारुदत्त म्हणाले आणि त्यांनी खट्कन कड काढली. "फक्त एक सजेशन करू का?"

इथे एक खुलासा आवश्यक आहे. अमेरिकन माणसाच्या हातात वस्तू दिली की तो ती वापरायला लागतो. त्याची कीव करावी. आपल्याकडे वापर नंतर येतो, आधी सुधारणा. त्यातून मंडळात बहुतेक जण इंजिनियर, उरलेले डॉक्टर, आणि त्यांचे जोडीदार या दोघांनाही दुरुस्त करणारे. यावर शिस्त म्हणून मंडळाचा नियम आहे की जो सूचना करील, तो त्या विषयाच्या उपसमितीचा सभासद झाला.

चारुदत्तांना वाऱ्याच्या दाबाची चिंता होती. संगणकवाल्या राजीवला हाताने कड फिरवणं पटेना.

"मोटर लावा ना काका! सेन्सर टाकला की सूर्य ऑटोमॅटिक ट्रॅक होईल."

"आणि बॅटरी?" चारुदत्तांनी विचारलं.

"ती खिशात. वायर कॉलरमधून."

"मरून रंगात नाही का मिळत?" रेखाताईंनी विचारलं. नागपूरच्या प्रल्हादरावांनी वर बघून विचारलं, "याला तुम्ही ऊन म्हणता?" तेही सूचनेत धरलं गेलं.

टोपी हातोहात फिरली. खिट्टी शेकडो वेळा दाबली गेली आणि एकदाही अडकली नाही. जगन्नाथरावांची नजर फक्त एकाच गोष्टीवर होती: टोपी धरलेला हात खांद्याच्या वर जातो का? एकदा गेला. राजीवने ती दोन्ही हातांनी उचलली, कपाळापर्यंत आणली. जगन्नाथराव दोन पावलं पुढे सरकले. राजीवने टोपी उजेडात धरून आतली शिवण तपासली आणि पुढे दिली.

थोड्याच वेळात जगन्नाथराव कणसांच्या शेगडीजवळ आडवे झाले.

डॉक्टर मंडळी धावली. डॉ. मृणालिनीने नाडी धरली. "ऊन लागलंय. काका, डोक्यावर काही नको का घालायला?"

"टोपी होती," जगन्नाथराव पुटपुटले.

"मग कुठाय?"

"समितीकडे."

उत्तराताईंनी गर्दीतून हात घालून नुसती कड काढून आणली आणि त्या कडेनेच वारा घालायला सुरुवात केली. (या अनपेक्षित उपयोगाची समितीने दखल घेतली आणि मुठीची शिफारस केली.)

"सगळ्यांना आवडली गं," डोळे न उघडता ते म्हणाले.

"आवडली हो." वारा थांबला नाही. "घातली कुणी?"

तळघर ठरल्याप्रमाणे मंडळाकडे गेलं. नाटक रद्द झालं, कारण सगळे नट समितीत होते. आता दर शनिवारी तिथे समिती बसते. टेबलाच्या मधोमध लाकडी डोकं ठेवलेलं असतं. टोपी घालून निमूट बसलेलं, मंडळाच्या इतिहासातलं ते एकमेव डोकं. जगन्नाथराव चहा आणून देतात. त्यांनी आजवर एकही सूचना न केल्यामुळे नियमानुसार त्यांना सभासद होता येत नाही.

इथवर वाचताना 'त्यापेक्षा सरळ टिचबटणं लावायची' किंवा यासारखं काही ज्यांच्या मनात आलं, त्यांची नावं समितीत दाखल झालेली आहेत. त्यांनी शनिवारी आपापली खुर्ची घेऊन यावं. तळघराचं दार मागच्या बाजूला आहे. चौकट बुटकी असल्याने डोकं सांभाळावं. चौकटीबद्दलच्या सूचना दुसऱ्या समितीकडे.