एकाच भाषेतला दुभाष्या

वामन साठम एका भाषेचे भाषांतर त्याच भाषेत करीत असत. हे काम मी अन्य कोणाला करताना पाहिलेले नाही.

अबुधाबीच्या आमच्या कंत्राटी कंपनीत ते ड्राफ्ट्समन होते. ऑफिसचा कारभार माझ्याकडे होता. साठम मूळचे मालवणचे. त्याआधी इराकमध्ये एका युगोस्लाव्ह कंपनीच्या धरणावर त्यांनी काही वर्षे काढली होती आणि त्या लोकांची भाषा ते अस्खलित बोलत. आमच्याकडे युगोस्लाव्हियाचे दोन इंजिनिअर होते. झोरान सर्ब, इवो क्रोएट; भाषा दोघांची एकच. बेलग्रेडच्या वसतिगृहात दोघे एका खोलीत राहिलेले. साठमांचे टेबल त्यांच्या मधोमध. दुपारी तिघांच्या गप्पा रंगत. बाकीच्यांना त्यातले अक्षरही कळत नसे.

एक्क्याण्णव साली त्यांच्या देशात सर्ब आणि क्रोएट यांच्यात युद्ध पेटले आणि दोघांनी एकमेकांशी बोलणे टाकले. इंग्रजीतूनसुद्धा. ड्रॉइंगवर मात्र दोघांच्या सह्या लागत. आमचे अरब मालक मला म्हणाले, "हबीबी, सही चाहिये. झगडा किसका है, मत बताओ."

तेव्हा साठमांनी मध्यस्थी अंगावर घेतली. झोरान त्यांच्याकडे पाहून म्हणे, बीम कमी पडतो. इवोला ते हातभर अंतरावरून स्वच्छ ऐकू येई. पण साठम सांगेपर्यंत तो मान वर करीत नसे. साठम खुर्ची वळवीत, घसा साफ करीत आणि तेच वाक्य त्याच भाषेत पुन्हा सांगत. उत्तर उलट वाटेने जाई.

तेच वाक्य, असा माझा समज होता. एकदा इवो लालबुंद होऊन बराच वेळ बोलला. साठमांनी ते झोरानला चार शब्दांत सांगितले.

"एवढंच म्हणाला तो?" मी विचारले.

"मुद्दा एवढाच होता, साहेब. बाकीचं झोरानच्या आजोबांविषयी होतं. ते ड्रॉइंगमध्ये बसत नाही."

"झोरानने ऐकलं की सगळं."

"ऐकू दे. मी पोचवलं नाही ना? ऑफिशियली त्याला शिवी मिळालेलीच नाही. खलास."

हे युद्ध नेमके कशावरून, असेही मी त्यांना विचारले होते. "भावकी," साठम म्हणाले. "आमच्याकडे बांधावरून कोर्टात जातात. हे रणगाडे घेऊन गेले." मला हे उत्तर अपुरे वाटले. अधिक चांगले माझ्यापाशी नव्हते.

त्या वर्षाच्या अखेरीस इवोच्या गावावर तोफा चालू झाल्या. घरचा फोन लागेना. इवो कामावर येई आणि कागदाकडे पाहत बसे. एका सकाळी झोरान साठमांना हळू आवाजात काही म्हणाला. साठमांनी खुर्ची वळवली नाही. त्यांनी नकारार्थी मान हलवली, पेन्सिल खाली ठेवली आणि ते सरळ माझ्या केबिनमध्ये आले.

"इवोची आई जिवंत आहे का, विचारतोय," ते म्हणाले. "कॉलेजच्या सुट्टीत तिच्याच हातचं जेवायचा हा."

"मग सांगा इवोला."

"नाही, साहेब. हे झोराननंच विचारायचं."

"आणि नाही विचारलं तर?"

साठम काचेकडे वळले.

केबिनच्या काचेतून ते दोघे दिसत होते आणि मध्ये साठमांची रिकामी खुर्ची. कोणी हलेना. अखेर झोरान उठला आणि त्या खुर्चीवर जाऊन बसला. त्याचे ओठ हलले. इवोने मान वर केली.

इवोची आई एका तळघरात सुखरूप होती. ते कळायला आणखी काही आठवडे जावे लागले. ते आठवडे झोरानची खुर्ची इवोच्या टेबलाशीच होती.

साठम मात्र दुपारच्या वेळी जागेवर दिसेनासे झाले. शोधत गेलो, तर जुन्या ड्रॉइंगच्या खोलीत एकटेच डबा खात बसले होते.

"इथे का?"

"ते दोघे दुपारी घरचं बोलतात, साहेब. झोरान माफी मागतो. इवो कधी देतो, कधी नाही. ते तिसऱ्यानं ऐकू नये."

"बाकीचे बसतात की तिथे."

"त्यांना कळत नाही," साठम म्हणाले. "मला कळतं."

मी माझा डबा घेऊन आलो आणि त्यांच्यासमोर बसलो. नोकरी सोडून ते मालवणला परतेपर्यंत आमचे जेवण त्याच खोलीत झाले.